गच्चीवरची वायरिंग : तुमच्यानंतर वर जाणाऱ्या माणसासाठी



एसी फिटिंग, सोलर वॉटर हीटर, डक्ट कूलर, एक्झॉस्ट फॅन यांपैकी कुठला तरी धंदा सुरू करायचा विचार तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. विचार चांगलाच आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात काम भरपूर आहे. शिर्डीला लॉज आहेत, त्यांना रोज सकाळी गरम पाणी लागतं. नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीत पत्र्याचे शेड आहेत, त्यांना हवा खेळती लागते. गावोगावी पोल्ट्री आहे, मंगल कार्यालयं आहेत, दवाखाने आहेत. आणि या सगळ्यांची मशिनं शेवटी एकाच ठिकाणी बसतात, गच्चीवर नाहीतर पत्र्यावर.

मशीन बसवायला सगळे शिकतात. मशीनपर्यंत वीज कशी न्यायची, हे मात्र "वायरमन बघून घेईल" म्हणून सोडून देतात. आज त्याच सोडून दिलेल्या कामावर बोलू. कारण धंद्यात तुमचं नाव होतं ते मशीनमुळे, पण नाव जातं ते वायरमुळे.

आधी एक आठवण करून देतो. ६ नोव्हेंबर २०२१, शनिवार, भाऊबीज. आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्णांचा जीव गेला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली होती. २३ एप्रिलला विरारच्या एका खाजगी रुग्णालयात आग लागली, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या एसीचं नाव पुढे आलं होतं. या आगी गच्चीवरच्या नव्हत्या आणि त्यांच्या चौकशीत शिरणं हा आपला विषयही नाही. पण त्या वर्षानंतर आपल्या भागात विजेचं काम घेणाऱ्याला "एवढ्याने काय होतंय" म्हणायचा अधिकार राहिलेला नाही, एवढं मी मानतो.

म्हणून आजच्या लेखाचं सूत्र एकच आहे. गच्चीवरची वायरिंग तुमच्यानंतर वर जाणाऱ्या माणसासाठी करायची. टाकी धुणारा पोरगा, कपडे वाळत घालणारी ताई, पावसात पत्रा ठोकायला चढलेला गडी. त्यांना वीज कळत नाही. तुम्हाला कळते. म्हणून जबाबदारी तुमची.

गच्ची वेगळी का आहे?

घरातली वायर भिंतीत असते, सावलीत असते, कोरडी असते. गच्चीवरच्या वायरला चार शत्रू आहेत.

पहिला शत्रू ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात तापलेल्या स्लॅबवर पडलेल्या पाइपच्या आत तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. उन्हाने साध्या पीव्हीसीचं वरचं आवरण कडक होतं, मग तडकतं.

दुसरा पाणी. पावसाचं, टाकी भरून वाहिलेलं, कूलरमधून गळणारं.

तिसरा वारा आणि थरथर. पंख्याची मोटर दिवसभर हलते, तिच्याबरोबर वायरही हलते, आणि जिथे पत्र्याची कड लागते तिथे वायर हळूहळू कापली जाते. पत्रा धातूचा आहे. एका ठिकाणी फेज लागली की अख्खं छप्पर, लोखंडी खांब, त्याला बांधलेली कपडे वाळवायची तार, सगळ्यात करंट उतरतो. पावसाळ्यात "पत्र्यात करंट उतरला" अशा बातम्या आपण वाचतो, त्या अशाच घडतात.

चौथा शत्रू अंतर. बोर्ड तळमजल्यावर, मशीन तिसऱ्या मजल्याच्या वर. वरचा माणूस खाली ओरडून सांगतो, "बंद कर रे!" खालचा वेगळाच स्विच बंद करतो. इथे माणूस जातो.

हे चार शत्रू डोळ्यांसमोर ठेवले की पुढचं सगळं काम आपोआप समजतं.

आधी हिशोब, मग वायर

समजा तुम्हाला शिर्डीजवळच्या एका छोट्या लॉजचं काम मिळालं. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे आणि ढगाळ दिवसांसाठी त्याच्या टाकीत ३ किलोवॅटचा बॅकअप हीटर, म्हणजे एलिमेंट बसवायचा आहे. बोर्डापासून टाकीपर्यंत वायरची लांबी ३० मीटर.

पहिलं गणित. ३००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण १३ अँपिअर.

नेहमीचा वायरमन म्हणेल, "अडीचची वायर टाकू, भरपूर झाली." घरात असती तर झालीही असती. पाइपमधल्या २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या पीव्हीसी वायरची क्षमता ३० अंश तापमानाला २४ अँपिअर धरतात. पण गच्चीवर ३० अंश कुठे आहे? पीव्हीसी वायरच्या आतलं तांबं ७० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. बाहेरचंच तापमान वाढलं की वायरला तापायला जागा कमी उरते. भोवती ५० अंश असेल तर क्षमता साधारण ७० टक्के राहते आणि ६० अंशाला निम्मी. म्हणजे आपली २४ अँपिअरची वायर तापलेल्या पाइपात १२ अँपिअरची झाली. आणि हीटर ओढतो १३.

आता ४ स्क्वेअर एमएम घ्या. ३० अंशाला ३२ अँपिअर, ६० अंशाला निम्मे म्हणजे १६. हीटरचे १३ त्यात बसतात आणि वर १६ अँपिअरचा एमसीबी लावता येतो. ३० मीटरमध्ये व्होल्टेजही कमी पडतो. अडीचच्या वायरमध्ये साधारण ७ व्होल्ट जातात, चारच्या वायरमध्ये ४ च्या आसपास. पाइप सावलीच्या भिंतीवरून नेला, स्लॅबपासून वर उचलला, तर परिस्थिती आणखी सुधारते.

हे गणित ग्राहकासमोर कागदावर करून दाखवा. दोन मिनिटं लागतात. "दुसरा अडीचची वायर टाकून स्वस्तात देतोय" या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही.

आता एमसीबीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एमसीबी मशीनसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा लावणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांनी बिघाड काढलेला नसतो, फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलेलं असतं. आता एमसीबी पडणार नाही, आता वायर पेटेल.

हीटरसारख्या लोडला बी कर्व्हचा एमसीबी चालतो. एसी, पंखा, पंप यांच्या मोटरी सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतात, म्हणून तिथे सी कर्व्ह घ्यायचा. प्रत्येक मोठ्या मशीनला बोर्डापासून स्वतंत्र सर्किट. एकाच वायरवर दोन एसी आणि वरून टाकीचा पंप, हे करायचं नाही.

मशीनजवळ आयसोलेटर आणि खिशात चावी

मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. गच्चीवरच्या प्रत्येक मशीनजवळ, उभं राहून हात पोहोचेल आणि मशीन दिसेल अशा जागी, बंद करायचा स्विच हवा. त्याला आयसोलेटर म्हणतात. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोल हवा. थ्री फेज असेल तर चार पोलचा. अर्थिंगची वायर मात्र कुठल्याही स्विचमधून न्यायची नाही. ती कधीच तुटता कामा नये.

कुलूप लावता येईल असाच आयसोलेटर घ्या. काम करणाऱ्याने तो बंद करायचा, कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. खाली कोणी काहीही चालू केलं तरी वरचा माणूस सुरक्षित. कुलूप शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. धंद्यातला सर्वांत स्वस्त विमा हाच.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. लाइट जाते आणि येते. पंखा बंद दिसतो म्हणून कोणी पट्ट्यात हात घालतो, तेवढ्यात लाइट येते आणि पंखा फिरतो. म्हणून मोठ्या पंख्याला असा स्टार्टर लावा जो लाइट गेल्यावर पडतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. थ्री फेज मोटरला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्यांना हे सांगायला नको. एक फेज गेला की मोटर गुरगुरते, तापते, जळते. शेडवरचा पंखा तर विहिरीवरच्या मोटरपेक्षा वाईट, कारण तो जळताना कोणी बघायलाही नसतं.

आयसोलेटर बंद केला म्हणून लगेच हात घालू नका. एसीच्या आउटडोअर युनिटमध्ये कपॅसिटर असतो, तो वीज बंद केल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. युनिटवर थांबायची वेळ लिहिलेली असते, तेवढं थांबा. मग मीटरने तपासा. मीटर चालतोय का हे आधी चालू लाइनवर बघा, मग बंद लाइनवर लावा, मग पुन्हा चालू लाइनवर. बिघडलेला टेस्टर "करंट नाही" असंच दाखवतो.

अर्थिंग आणि आरसीसीबी : माणूस वाचवणारी जोडी

बरेच जण विचारतात, "सर, एमसीबी लावलाय ना, मग अजून काय?" हिशोब बघा. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या छातीतून काही दशक मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं. म्हणून माणसासाठी जो आरसीसीबी लावतात तो ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे ०.०३ अँपिअर. एमसीबीच्या आकड्याचा पाचशेवा भागसुद्धा नाही. एमसीबीच्या दृष्टीने माणूस म्हणजे एक छोटा बल्ब. तो पडणारच नाही.

आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तुलना करतो. फरक पडला, म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत चाललाय, की क्षणार्धात लाइन तोडतो. पण त्याच्याही मर्यादा आहेत. तो ओव्हरलोडपासून वाचवत नाही, म्हणून एमसीबी वेगळा लागतोच. आणि कोणी एका हाताने फेज, दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर त्याला ते कळत नाही.

त्याच्या जोडीला अर्थिंग. पद्धतशीर अर्थिंगसाठी आपल्या देशात आयएस ३०४३ हे मानक आहे. गच्चीसाठी त्यातलं व्यवहारात उतरवायचं ते एवढं :

- अर्थिंगची स्वतंत्र वायर बोर्डापासून मशीनच्या बॉडीपर्यंत न्या. फेजची वायर ४ ची असेल तर अर्थचीही ४ चीच.
- टाकीचं स्टँड, सोलरची फ्रेम, पत्र्याचा डक्ट हे सगळं अर्थला जोडा.
- नळाच्या पाइपला किंवा स्लॅबच्या सळईला वायर गुंडाळली म्हणजे अर्थिंग झालं असं समजू नका. आज लोखंडी पाइप आहे, उद्या प्लंबर मध्येच प्लास्टिकचा तुकडा घालून जाईल.
- न्यूट्रल आणि अर्थ मशीनजवळ एकत्र जोडायची नाही. न्यूट्रल कुठे तुटली तर मशीनच्या बॉडीवर थेट करंट येतो.
- अर्थचा खड्डा उन्हाळ्यात तपासा. पावसाळ्यात जमीन ओली असते, तेव्हा आकडा चांगलाच येतो. आपला भाग अवर्षणप्रवण. मे महिन्यात मुरमाड जमीन कोरडी ठाक झाल्यावर अर्थ टेस्टर काय दाखवतो, तो खरा आकडा.

"आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाका" असं ग्राहक म्हणतो तेव्हा तुमची खरी परीक्षा असते. तो उगाच पडत नाही. एलिमेंटमधून गळती असते, बॉक्समध्ये पाणी गेलेलं असतं, नाहीतर कोणीतरी दोन सर्किटच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळलेल्या असतात. एकेक मशीन सोडवून बघा. लाइन बंद करून, मशीन आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने वायर तपासा. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर वायरमध्ये दोष आहे. दोष काढा, आरसीसीबी काढू नका. आणि ग्राहकाला सांगून ठेवा, त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला नाही, तर तो फक्त शोभेचा आहे.

पाणी आत जाणारच, त्याला वाट देऊ नका

बाहेरच्या बॉक्सवर आयपी नंबर असतो. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. गच्चीवर आयपी ६५ चा बॉक्स वापरा. पण साठ रुपयांचं ग्लँड न लावता बॉक्सला वरून भोक पाडलं, तर त्या ६५ ला काही अर्थ नाही.

केबल नेहमी बॉक्सच्या खालच्या बाजूने आत घ्या. आत जाण्याआधी ती थोडी खाली लोंबू द्या आणि मग वर वळवा. म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावर थेंब होऊन पडतं, बॉक्समध्ये शिरत नाही. खर्च शून्य, वायर फक्त एक वीत जास्त लागते.

गच्चीवर उघडा जोड द्यायचा नाही. टेप गुंडाळलेला जोड एक उन्हाळा टिकतो, दुसऱ्या पावसात उघडा पडतो. जोड द्यावाच लागला तर बॉक्समध्ये, लग क्रिंप करून, कनेक्टरवर. घरात वापरतात ती पांढरी पट्टी गच्चीवर नको, उन्हात तिचे तुकडे होतात. उन्हात टिकणारा जाड पाइप किंवा आर्मर्ड केबल वापरा. पाइप स्लॅबवर लोळवू नका, छोट्या ठोकळ्यांवर उचलून क्लॅम्प करा. वायर पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा. पंख्यापाशी शेवटचा हातभर भाग लवचिक पाइपचा ठेवा, म्हणजे थरथर वायरवर येत नाही.

मशीनप्रमाणे वेगळी काळजी

सोलरच्या टाकीतला बॅकअप हीटर : आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो, तो आतून तापून फुटतो आणि करंट थेट पाण्यात येतो. म्हणून या सर्किटला आरसीसीबी सक्तीचा समजा. थर्मोस्टॅट आणि जादा तापल्यावर तोडणारा कटआउट दोन्ही असल्याची खात्री करा. टाकी रिकामी असताना हीटर चालू करायचा नाही, हे ग्राहकाला सांगा आणि स्विचवर लिहून चिकटवा. हवा जाण्याचा पाइप कोणी बंद केलेला नाही ना, तेही बघा.

डक्ट कूलर : पाणी, पंप, लोखंडी बॉडी आणि ओला हात एकत्र. उन्हाळा आला की कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पाणी भरताना, जाळी धुताना आयसोलेटर बंद, हा नियम कूलरच्या दारावरच लिहा.

एक्झॉस्ट फॅन : हॉटेलच्या किचनचा धूर ओढणारा पंखा तेलकट होतो. तेलाच्या थरात ठिणगी पडली तर आग डक्टमधून वर धावते. मोटर आणि जोड धुराच्या वाटेत ठेवू नका आणि डक्ट साफ करायचं काम वार्षिक करारात घाला.

आणि हो, कधी कधी सर्वांत सुरक्षित वायरिंग म्हणजे वायरच नसणं. गोडाऊनच्या पत्र्यावर वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर पुरत असेल तर ग्राहकाला तेच सांगा. त्या कामात तुमचा फायदा थोडा कमी होईल, पण पुढच्या तीन कामांना तो तुमचं नाव सांगेल.

कागद पक्के करा

मशीन बसवता येतं म्हणून वायरिंगही करता येतं असं नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर विजेच्या जोडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच करायचं असा नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे सध्याचे विनियम २०२३ चे आहेत. तुमच्याकडे आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड असेल तर परवान्याची वाट जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारून घ्या. नसेल तर लाजायचं काही कारण नाही. परवानाधारक ठेकेदाराशी हातमिळवणी करा. मशीन तुमचं, वायरिंग आणि टेस्ट रिपोर्ट त्याचा. सुरुवातीला बऱ्याच जणांचा धंदा असाच उभा राहतो.

तीन एसी आणि एक हीटर वाढला की ग्राहकाचा मंजूर भार ओलांडला जातो. महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा अर्ज करायला ग्राहकाला आधीच सांगा. काम झाल्यावर सांगितलं तर तो म्हणेल, "भाऊ, हे आधी का नाही बोललात?" आणि त्याचं बरोबर असेल.

कोटेशनमध्ये सुरक्षा दिसली पाहिजे

नवे उद्योजक इथे चुकतात. वायर, आयसोलेटर, आरसीसीबी, अर्थिंग हे सगळं "फिटिंग चार्जेस" नावाच्या एका ओळीत कोंबतात. ग्राहक घासाघीस करतो, तुम्ही तीच ओळ कमी करता आणि मग नकळत वायर अडीचची होते, आयसोलेटर गळतो, अर्थिंग नळाला बांधलं जातं. हा शॉर्टकट तुम्ही ठरवून घेत नाही. घासाघीस तुमच्याकडून तो करून घेते.

म्हणून कोटेशनचे दोन भाग करा. एक मशीन, दुसरा सुरक्षित वीजजोडणी. दुसऱ्या भागात प्रत्येक वस्तू वेगळी लिहा. ग्राहक म्हणाला, "दादा, थोडं कमी करा," तर मशीनच्या भागात काय जमतं ते बघा. दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही. तरी तो अडलाच तर शांतपणे म्हणा, "शेठ, यातली कुठली वस्तू काढू ते तुम्ही सांगा आणि कागदावर सही करा." नव्वद टक्के वेळा पेन उचललं जात नाही. उरलेल्या वेळी काम सोडून द्या. धंदा सुरू करताना काम सोडणं जड जातं, मला माहीत आहे. पण एक अपघात झाला तर पुढची दहा वर्षं तुमच्या गावात तुमचं नाव त्याच अपघाताने ओळखलं जाईल.

काम संपल्यावर हे करा :

१. प्रत्येक बॉक्सचा झाकण उघडं असतानाचा फोटो काढून ठेवा.
२. बोर्डवर आणि आयसोलेटरवर मराठीत नाव लिहा : "गच्ची : सोलर हीटर", "गच्ची : एसी, खोली १०२". फक्त आकडे लिहू नका.
३. मेगरचे, अर्थिंगचे आकडे आणि आरसीसीबी चाचणी एका कागदावर लिहून ग्राहकाची सही घ्या. एक प्रत त्याला, एक तुम्हाला.
४. लॉजच्या मॅनेजरला आणि टाकी धुणाऱ्या माणसालाही आयसोलेटर बंद करून कुलूप कसं लावायचं ते हाताने करून दाखवा. मालकाला सांगून भागत नाही, मालक गच्चीवर जात नाही.
५. वर्षातून दोन भेटींचा करार करा. एक उन्हाळ्याआधी, एक पावसाळ्याआधी. प्रत्येक स्क्रू घट्ट करायचा, बॉक्स उघडून बघायचे, तडकलेला पाइप बदलायचा.

या पाचव्या मुद्द्यात तुमचा कायमचा धंदा लपलेला आहे. मशीन एकदा विकलं जातं, देखभाल दरवर्षी. आणि देखभाल त्यालाच मिळते ज्याने पहिल्या दिवशी कागद नीट दिलेला असतो.

स्वतःचीही काळजी घ्या. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, त्यावर फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवू नका, दोर बांधा. मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या की काम अर्धं सोडून खाली या.

आजचं घरकाम

हा लेख वाचून झाला की स्वतःच्या गच्चीवर जा. आधी लांबूनच बघा, कशाला हात लावू नका. एसी असेल, सोलर असेल, टाकीचा पंप असेल. तीन प्रश्न विचारा. हे मशीन इथेच उभं राहून बंद करता येतं का? बॉडीला हिरवी अर्थिंगची वायर दिसते का? वायर कुठे तडकली, कापली किंवा टेपने गुंडाळली आहे का? मग खाली येऊन आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा.

पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तिसऱ्याचं "हो" आलं, किंवा बटण दाबून आरसीसीबी पडलाच नाही, तर तुमचं पहिलं काम तुम्हाला मिळालं. पहिला ग्राहक तुमचं स्वतःचं घर. तिथे परवानाधारक माणसाबरोबर उभं राहून हे सगळं एकदा नीट करून घ्या, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. पुढच्या ग्राहकाला दाखवायला तुमच्याकडे तेच असेल.